दुसरा टोपीवाला

बुधवार, ४ मार्च

आधी माफी मागतो. तू जाऊन अठरा दिवस झाले आणि ही वही मी आज उघडतोय. रोज दोन ओळी लिहा म्हणालास, ते तुझ्या निळ्या वहीत लिहितोच. पाणी स्वच्छ, पंप चालू, मासे आठ. ती वही पंपाच्या कपाटात असते, ती तुझी. ही माझी. दुकानात दुरुस्तीला आलेल्या घड्याळांची नोंद हिच्यात ठेवायचो, मागची पानं कोरी राहिली होती. निळ्या वहीत परवापासून खोटं लिहावं लागतंय, म्हणून खरं कुठेतरी लिहून ठेवायला हवं. नाहीतर माझं डोकं फुटेल.

सांगूनच टाकतो. टोपीवाला गेला.

शनिवारी सकाळी मागच्या दारच्या तळ्यावरची जाळी बाजूला करून पानं वेचत होतो. घरात फोन वाजला. तुझा असणार म्हणून तसाच ओल्या हातांनी धावलो. तुझाच होता. तू हळू बोलत होतास, मागे कुणीतरी बाई नंबर पुकारत होती. कुठे आहेस विचारलं तर म्हणालास, "बँकेत आहे, बाबा, गर्दी आहे." मग सूनबाईंनी फोन घेतला आणि ठेवला. तुझा आवाज ऐकून जीव भांड्यात पडला आणि त्या आनंदात जाळी तशीच राहिली. हे कोई जातीचे मासे उडी मारतात हे तू मला दहा वेळा बजावलं होतंस. रविवारी सकाळी तो कडेच्या दगडांवर पडला होता. अंग सुकलेलं, डोक्यावरचा लाल ठिपका तेवढा ताजा. आठांत तुझा सगळ्यात लाडका तोच. भिंतीशी खड्डा करून पुरला.

सोमवारी दोन बस बदलून पाळीव माशांच्या दुकानांत फिरलो. दुसऱ्या दुकानात तसाच सापडला, पांढराशुभ्र आणि डोक्यावर लाल टोपी. मी भिंग लावून ठिपका बघत होतो तर दुकानदार म्हणाला, "काका, मासा घेताय की जावई? इतकं काय निरखताय!"

पिशवीतून आणला आणि सरळ तळ्यात सोडला. कपाटाच्या दारावर तुझ्या अक्षरात लिहिलंय: नवा मासा महिनाभर वेगळ्या टबात, मगच तळ्यात, घाई करणाऱ्याचे हात कलम. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. पण टबात ठेवला असता तर सूनबाईंना दिसला असता, आणि त्या शुक्रवारी येतायत. मग तुला कळलं असतं. नवी नोकरी, परकं गाव, जाताना तुझी तब्येतही उतरलेली. त्यात हे कशाला?

शुक्रवार, ६ मार्च

सूनबाई आल्या. एक रात्र राहून जाणार. फार वाळल्या आहेत. परक्या गावात घर लावायचं म्हणजे दमणूक होणारच.

मी दिवसभर तळ्याकडे पाठ करून बसलो होतो, चोराच्या मनात चांदणं. पण त्यांनी तळ्याकडे पाहिलंच नाही. तुझी मऊ उशी घेतली. पुढून बटणं असलेले सदरे शोधत होत्या, गळ्यातून घालायचे सगळे कपाटात परत ठेवले. मी म्हटलं, "ऑफिसात पुढून उघडणारेच सदरे चालतात का?" त्या म्हणाल्या, "तिथलं तसंच आहे, बाबा." मोठ्या ऑफिसांचे कायदे आपल्याला काय कळणार.

"काम किती राहिलंय त्याचं?" विचारलं.

"तीन फेऱ्या. तीन-तीन आठवड्यांच्या. एक झाली."

"मग परत येईल?"

"मग बघू काय म्हणतात."

साहेब लोक असंच टांगून ठेवतात. माझ्या दुकानात कुणी असं बोललं असतं तर त्याचं घड्याळ तसंच परत दिलं असतं.

जाताना त्यांनी माझ्या औषधांची डबी उघडून गोळ्या मोजल्या. हृदयाची एक कालची राहिली होती. ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तुम्ही तरी नीट राहा हो." त्या "तरी"चं मला जरा वाईट वाटलं. मी काय एवढा त्रास देतो?

गुरुवार, १२ मार्च

मासे खेळायला लागले आहेत. मुनीम तळाच्या दगडावर अंग घासून एकदम चमकून उलटा होतो. जुळ्या दोघीही तसंच करतात. ऊन वाढलं, पाणी कोमट झालं, अंगात आलं असेल. निळ्या वहीत लिहिलं: मासे खेळकर.

शनिवार, १४ मार्च

खेळ नव्हता तो.

मुनीम दिवसभर अंग घासतोय. लाजरा तर कोपऱ्यात पंख मिटून उभा आहे, खायलाही पुढे येत नाही. एका जुळीच्या पाठीवर दोरा लटकलेला दिसला. मला वाटलं, माझ्या गंजीचाच असेल, हल्ली शिवण उसवली आहे. ती दाणे खायला वर आली तेव्हा भिंग लावून पाहिलं. दोरा खवल्याच्या आतून बाहेर आला होता. मुळाशी लाल सूज, आणि टोकाला दोन बारीक शेपट्या फुटलेल्या. दोऱ्याला शेपट्या नसतात.

माशांच्या दुकानदाराला फोन केला. म्हणाला, "मूठभर मीठ टाका, जाईल." किती मुठी विचारलं तर हसला. "अंदाजे हो काका, भाजीला टाकता तसं." मी फोन ठेवला. आयुष्यभर मी काही अंदाजे केलं नाही. केलं ते एकदाच, २ मार्चला.

सोमवार, १६ मार्च

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तुझ्या कपाटावर त्यांचा नंबर चिकटवलेला सापडला. तरुण आहेत, पायात गमबूट आणि हातात पेटी. आल्या आल्या मला विचारलं, "तुम्ही घड्याळजी ना? तुमचा मुलगा सांगायचा. त्याची तब्येत..." आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "मासे कुठे आहेत?"

लाजऱ्याला ओल्या फडक्यात धरून त्यांनी पंखामागचा बुळबुळीत थर काचेच्या पट्टीने हळूच खरवडला आणि पेटीतलं सूक्ष्मदर्शक टेबलावर मांडलं. म्हणाल्या, "या, तुम्हाला आवडेल."

मी डोळा लावला. काय सांगू तुला! आत चाक फिरत होतं. गोल, पारदर्शक, आतल्या बाजूला बारीक दाते, एकसारखे, एकही वाकडा नाही. घड्याळातल्या बॅलन्सच्या चाकासारखं गरगर फिरतं आणि जागा बदलून परत फिरतं. पन्नास वर्षं मी चाकं पाहिली, इतकं नेटकं चाक पाहिलं नाही. मी म्हटलं, "किती सुंदर आहे!"

"हो. आणि ते तुमच्या माशाची कातडी खातंय."

मग त्यांनी सांगितलं. रोग दोन आहेत. ही चाकं डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना मीठ, पण मोजून. दिसतो तो दोरा म्हणजे किडा. त्याचं डोकं नांगरासारखं मांसात रुतलेलं असतं आणि त्या दोन शेपट्या म्हणजे अंड्यांच्या पिशव्या. मोठे किडे चिमट्याने काढायचे, पाण्यातल्या पिल्लांना पुडीचं औषध. सात-सात दिवसांनी तीनदा.

"तीनदा कशाला?"

"औषधाने अंडी मरत नाहीत. ती फुटली की नवी पिल्लं. पहिल्या वेळेला सगळं बरं दिसतं, काका, आणि तिथेच माणसं फसतात."

तीन वेळा. तुझ्या कामाच्याही तीन फेऱ्या. सगळं हल्ली तीन-तीनच चाललंय.

मग त्यांनी विचारलं, "नवीन मासा सोडलात का इतक्यात?"

"नाही," मी म्हटलं.

त्या पाण्यात बघत बसल्या. टोपीवाला, म्हणजे दुसरा, पुढे आला. त्याच्या पोटाखाली चार दोरे लोंबत होते, जुने, शेवाळ धरलेले. त्या म्हणाल्या, "याच्या अंगावरचे सगळ्यात जुने आहेत. मासा खोटं बोलत नाही बघा."

मग मी सगळं ओकलो. जाळी, दगड, दोन बस. जगात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मुलाला सांगून टाका. आजच सांगा." मी म्हटलं, आल्यावर सांगतो. त्या म्हणाल्या, "तरी... फोनवर सांगा." डॉक्टर लोकांना नेहमी घाई.

मंगळवार, १७ मार्च

तळं मोजलं. भिंतीच्या आतून, पाण्याच्या रेषेपर्यंत. बारा फूट, आठ फूट, खोली चार जागी घेऊन मधली धरली. दहा हजार लिटर पाणी. मीठ तीस किलो, तीन दिवसांत थोडं थोडं. गुणाकार तीनदा केला. मी सातवी शिकलेला, पण मापात चुकलो तर घड्याळ बंद पडतं एवढं मला शाळेबाहेर कळलं.

मग दुकानातला चिमटा काढला, केसासारखी स्प्रिंग उचलायचो तो. पाच वर्षांपूर्वी हात कापायला लागला म्हणून मी दुकान बंद केलं, तुला माहीत आहे. डॉक्टरीणबाई आजही आल्या होत्या, मासा फडक्यात धरत होत्या, त्याचे डोळे झाकून. मी भिंग लावलं. चिमटा दोऱ्याजवळ गेला आणि थरथरला. मी हात मागे घेतला. त्या म्हणाल्या, "सावकाश, गिऱ्हाईक पळून जाणार नाही." मी श्वास सोडला, तो बाहेर असतानाच हात टाकायचा ही जुनी सवय. हात स्थिर झाला. दोरा अगदी मुळाशी धरला, सरळ ओढला. मध्ये तुटला असता तर डोकं आतच राहिलं असतं. अख्खा निघाला. जखमेला औषध लावून मासा पाण्यात.

सतरा काढले. म्हातारीच्या अंगावर एकच होता, तिने काढताना हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या टोपीवाल्याच्या अंगावरचे सहा. त्याला धरताना मला राग आला होता, पण भिंगातून त्याचा डोळा दिसला आणि राग गेला. त्याने काय केलं? मी आणला, तो आला.

पहिली पुडी टाकली. निळ्या वहीत: मासे आठ.

शुक्रवार, २० मार्च

लाजरा गेला. सकाळी तळाशी आडवा होता. कल्ले राखाडी झाले होते. भिंतीशी, पहिल्याच्या शेजारी पुरला.

निळ्या वहीत काही लिहिलं नाही.

मंगळवार, २४ मार्च

दुसरी पुडी. पाणी अर्ध्याहून जास्त बदललं आणि नव्या पाण्याच्या हिशेबाने मीठ. मुनीम अंग घासत नाही. जुळ्या खातात. आठ दिवसांत पहिल्यांदा मी दुपारी झोपलो आणि झोपलो तेवढ्यात तुझा फोन.

आवाज अगदी आत गेला होता. मी विचारलं, "घसा बसलाय का?" तू म्हणालास, "हो बाबा, इथलं पाणी बाधतंय." मी म्हटलं, उकळून पी. तू हसलास, मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"टोपीवाला कसा आहे?"

आता सांगावं, असं वाटलं होतं रे. डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं, जिभेवर शब्द आलाही होता. पण तुझ्या त्या आवाजापुढे तो निघेना.

"मजेत आहे," मी म्हटलं. "माझ्या हातून खातो."

"माझ्याही डोक्यावर आता टोपीच असते," तू म्हणालास. "त्याला सांगा, मी विचारलं होतं."

"सांगतो."

"नक्की सांगा."

"अरे सांगतो म्हटलं ना! मासा आहे, पळून जातोय का कुठे?"

असं वसकन बोललो. का बोललो कोण जाणे. माझ्या मनातली खोट, दुसरं काय. तू म्हणालास, "बरं, ठेवतो." एवढंच. उद्या मीच फोन करून गोड बोलेन.

शुक्रवार, २७ मार्च

परवा केला, काल केला, आज दोनदा केला. घंटा वाजून थांबते. सूनबाईंचाही तसाच. तू रागावलास का? वसकन बोललो म्हणून? लहानपणीही तू असाच गप्प बसायचास, दोन-दोन दिवस, मग आपणहून येऊन मांडीवर पाय टाकायचास.

शनिवार, २८ मार्च

तुझा निरोप आला! लिहिलेला. "बाबा, काळजी करू नका. इथे रेंज नसते. तुम्ही औषधं वेळेवर घ्या. मासे कसे आहेत?"

तू कधी लिहीत नाहीस. जाड अंगठ्यांनी ती बारकी अक्षरं दाबता येत नाहीत म्हणून बोलूनच पाठवतोस. घसा बसल्यामुळे लिहिलं असेल. पण टोपीवाल्याचं नाव घेतलं नाहीस. राग आहे थोडा.

मी भिंग लावून एकेक अक्षर शोधलं आणि उत्तर लिहिलं: "सातही मजेत आहेत." पाठवलं आणि वीज अंगावर पडल्यासारखा बसलो. सात! पोटातलं ओठावर येतं ते असं. आता विचारणार, आठवा कुठे गेला. पाच मिनिटांनी उत्तर: "सातही मजेत आहेत हे ऐकून खूप बरं वाटलं, बाबा."

सुटलो, असं वाटलं.

मग नाही वाटलं. आठही पिल्लं बोटाएवढी असताना तू आणलीस. नावं तू ठेवलीस. पाऊस असो, ताप असो, कामावर जायच्या आधी मोजल्याशिवाय तू पायात बूट घातला नाहीस. सात ऐकून तुला बरं कसं वाटलं?

कामाचा ताण असेल. माणूस विसरतो.

मंगळवार, ३१ मार्च

तिसरी पुडी. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा थर खरवडून पाहिला. मलाही दाखवला. एकही चाक नव्हतं, नुसतं स्वच्छ पाणी आणि उजेड. मला उगाच चुकल्यासारखं झालं.

"जिंकलात, काका," त्या म्हणाल्या. "सातही जगतील."

त्यांनी फी घेतली नाही. गाडीत बसल्यावर पुन्हा उतरून आल्या आणि माझा हात धरला. म्हणाल्या, "काही लागलं तर मला बोलवा. माशांसाठीच असं नाही." भली मुलगी आहे. पण डोळे का भरले होते? मासे तर वाचले.

शनिवार, ४ एप्रिल

सूनबाई आल्या. मोठी बॅग घेऊन, सोबत त्यांचा भाऊ. त्याने सामान आत ठेवलं आणि माझ्या पाया पडला. आजवर तो कधी पडला नव्हता. मान वर न करताच गेला.

"तो?" मी विचारलं.

"नंतर," त्या म्हणाल्या. "काम लांबलंय, बाबा." आणि सरळ मागच्या दारी जाऊन तळ्याकाठच्या स्टुलावर बसल्या, पायात चपलाही तशाच.

मी चहा घेऊन गेलो. त्या पाण्यात बघत होत्या. मासे वर आले. त्यांनी बोट पुढे केलं, मुनिमाने चाटलं. मग टोपीवाला आला. त्यांनी वाकून त्याचं तोंड पाहिलं.

"हा टोपीवाला नाही."

माझ्या हातातली बशी वाजली. "कशावरून?"

"त्याच्या डाव्या मिशीला गाठ होती. ह्यांनी मला दाखवली होती. म्हणायचे, हा माझ्यासारखाच, एका बाजूने अर्धवट."

मी मिशा पाहिल्याच नव्हत्या. भिंग लावून मी फक्त टोपी पाहिली होती.

मग सांगितलं. फोन, जाळी, दगड, दुसरं दुकान, किडे, लाजरा. त्या ऐकता ऐकता रडायला लागल्या. आधी हळू, मग अशा की स्टूल हलायला लागलं. मी घाबरलो. म्हटलं, "अगं, माशासाठी एवढं? माझी चूक आहे, मला बोल, शिव्या दे, पण अशी रडू नकोस." माझ्या तोंडून "अहो-जाहो" गळून पडलं ते नंतर लक्षात आलं.

"तुम्ही सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या.

"त्याला सोसलं नसतं, म्हणून. वाटलं, तसाच दुसरा ठेवला की कळणार नाही. तेवढेच दिवस सुखाचे जातील."

त्यांनी पदर तोंडावर दाबला. "मीसुद्धा, बाबा... मीसुद्धा तसंच..."

मी पाठीवरून हात फिरवत राहिलो. चहा गार झाला. मी म्हटलं, "तू मला दोष देत नाहीस ना?" त्यांनी मान हलवली. मग उठून बॅगेतून तुझं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं.

"बंद पडलंय. बघता का? घाई नाही. तुमच्या हाताला काम."

रविवार, ५ एप्रिल

सकाळी चांगल्या उजेडात घड्याळ उघडलं.

घड्याळात काही बिघाड नाही. तेल ठीक, दाते ठीक, स्प्रिंग ठीक. पहिल्या नोकरीवर रुजू झालास तेव्हा मीच तुझ्या मनगटावर बांधलं होतं. चावी द्यावी लागत नाही असं आहे. आत अर्ध्या चंद्रासारखं वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि चावी भरत जाते. हात हलायचा थांबला की साधारण चाळीस तास चालतं आणि मग उभं राहतं. सूनबाईंना हे माहीत नसणार. घड्याळजीच्या सुनेला कुणी ते सांगितलं नाही.

काटे चार वाजून दहा मिनिटांवर. पहाटेचे की दुपारचे ते काटे सांगत नाहीत. तारखेच्या खिडकीत २७.

सत्तावीस वजा चाळीस तास. सव्विसाची सुरुवात, नाहीतर पंचविसाची दुपार.

अंघोळीलाही तू ते काढत नाहीस. त्यावरून मी ओरडायचो.

फेऱ्या. नंबर पुकारणारी बाई. पुढून उघडणारे सदरे.

मी भिंग काढून ठेवलं. म्हाताऱ्याचा हिशेब, चुकतो कधी कधी. तेल जुनं असेल. तेल ठीक आहे असं वर लिहिलंय, पण नीट पाहिलं नसेल.

मंगळवार, ७ एप्रिल

दुपारी जेवण झाल्यावर सूनबाई आपल्या खोलीत गेल्या. मी पुढच्या खोलीत बसून तुझ्या नंबरावर निरोप लिहिला. अर्धा तास लागला. "टोपीवाला १ मार्चला गेला. जाळी माझ्याकडून राहिली. आता आहे तो दुसरा आहे. मी खोटं बोललो. बाबा." पाठवला.

भिंतीपलीकडे, त्यांच्या खोलीत, फोन वाजला. तुझ्या फोनचा आवाज मला ठाऊक आहे, पाण्यात खडा पडल्यासारखा.

मी बसून राहिलो. उत्तर आलं नाही.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. तोंड धुतलेलं. दोन कप चहा ठेवला, एकात साखर घालायला विसरल्या.

"फोन वाजला वाटतं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहत होतो.

"हो... दुकानातून होता."

"बरं."

चहा प्यालो. साखर नसलेला माझ्याच वाट्याला आला होता, बोललो नाही. जड झाल्यावर सांगतील. मी ऐकेन. बिचारीने बारा दिवस एकटीने हे धरून ठेवलंय, वर माझ्या गोळ्या मोजते. मी तिला विचारणार नाही. तिने मला माशाचं विचारलं नसतं तर मीही बोललो असतो का?

उन्हं उतरल्यावर मागे गेलो. भिंतीशी, पहिल्या टोपीवाल्याच्या जागी बसलो. गुडघे दुखले. तुझा निरोप राहिला होता ना. सांगितला त्याला. "त्याने विचारलं होतं तुला," असं म्हटलं. नक्की सांगा म्हणाला होतास. उशीर झाला, पण सांगितलं.

तुझं घड्याळ मी हातात बांधलंय. सैल होतं, पट्ट्याला एक भोक पाडलं. माझा हात कापतो ना, ते त्याला बरंच आहे, चावी भरत राहते. थांबू देणार नाही.

मासे सात आहेत. निळ्या वहीतही आज सातच लिहिले.

वसकन बोललो ते मनात धरू नकोस. एकदा कळव रे. बोलूनच कळव, आवाज बसलेला असला तरी, मागे कुणी नंबर पुकारत असलं तरी. मी जाळी लावून फोनजवळ बसलोय. लवकर कळव.